चित्रपट, मुले आणि घरातले बोलणे

परप्रांती नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबात आईबापांचे मुलांशी दिवसभरात जे बोलणे होते, त्याचा कोणी हिशेब मांडला तर त्यात आज्ञा फार आणि गोष्टी थोड्या, असेच आढळून येईल. ऊठ, आंघोळ कर, डबा घेतलास का, गणितात किती मिळाले, आता झोप; एवढ्या भांडवलावर आठवडेच्या आठवडे निघून जातात. आजी-आजोबा गावी राहिलेले, शेजार अन्य भाषेचा, शाळा हिंदी-इंग्रजीची. बदलीच्या नोकरीतील केंद्र सरकारच्या सेवकांच्या मुलांचे शिक्षण मोडू नये म्हणून १९६३ मध्ये केंद्रीय विद्यालयांची योजना सुरू झाली, आणि तिने आपल्यासारख्यांवर मोठे उपकार केले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. पण मराठीतून मनातले बोलण्याची सोय कोणतीही शाळा करू शकत नाही. ती घरीच व्हावी लागते. ज्या घरात मराठी ही केवळ आज्ञेची आणि रागावण्याची भाषा होऊन बसते, त्या घरातले मूल मोठेपणी तिच्यापासून दूर गेले, तर दोष मुलाला देता येणार नाही.

या परिस्थितीचे खापर आपण सामान्यतः पडद्यावर फोडतो. पूर्वी दूरचित्रवाणी संच आणि आता प्रत्येकाच्या हातातला फोन, यांनी घरातले बोलणे गिळले, अशी तक्रार आपल्या मंडळांच्या बैठकींत नेहमी ऐकू येते. ती सर्वस्वी खोटी नाही. बैठकीच्या खोलीत एकच संच होता तेव्हा घरातली सारी माणसे एकच गोष्ट पाहत, तिच्यावरून भांडत, हसत आणि दुसऱ्या दिवशी तिचीच चर्चा करीत. आज बाप एक पाहतो, आई दुसरे पाहते, आणि मूल कानात यंत्र घालून तिसरेच काही पाहत असते. परंतु याच यंत्राची दुसरी बाजू आपण ध्यानात घेत नाही. तीस वर्षांपूर्वी गुवाहाटीस किंवा विशाखापट्टणमास बदली झालेल्या मराठी माणसाला एखादा चांगला मराठी चित्रपट पाहावयाचा, तर सुट्टीत पुण्या-मुंबईस जाईपर्यंत थांबावे लागे. आज तो घरबसल्या पाहता येतो. साधन हाती आले आहे. त्याचा उपयोग कसा करावा, याचा मात्र आपण विचार केलेला नाही.

येथे समीक्षेचाही थोडा दोष आहे. मुलांसाठी असलेल्या कलाकृतीचे परीक्षण करताना आपण आजवर दोनच प्रश्न विचारीत आलो. एक, मुलांची करमणूक होते का? दुसरा, त्यांच्यावर चांगले संस्कार होतात का? हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण दोहोंतही मूल हे केवळ घेणारे पात्र आहे. त्यात काहीतरी ओतावयाचे, मग ते हसू असो की नीती. कलाकृती संपल्यानंतर मूल काय बोलते, कोणता प्रश्न विचारते, आणि त्या प्रश्नाला उत्तर देताना आईबापांना आपल्या अंतःकरणाचा कोणता कोपरा उघडावा लागतो, हा तिसरा प्रश्न आपण विचारीतच नाही. प्रस्तुत लेखात तो विचारून पाहावयाचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की जी कलाकृती सर्व काही स्वतःच बोलून टाकते ती घराला गप्प करते. जी काही न बोलता ठेवते ती घराला बोलते करते. आणि जे आईबाप परीक्षकाची खुर्ची सोडून मुलाच्या शेजारी प्रेक्षक म्हणून बसतात, त्यांनाच या बोलण्याचा लाभ होतो. हे म्हणणे चार मराठी चित्रपटांवर पारखून पाहू.

पहिला मान अर्थातच ‘श्यामची आई’चा. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये त्यावर बोलपट काढला आणि राष्ट्रीय चित्रपट पारितोषिकांच्या पहिल्याच वर्षी, १९५४ मध्ये, त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम मराठी मनात असे बसले, की पुस्तक वाचतानाही अनेकांना तेच चेहरे दिसतात. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी याच कथेवर नवा कृष्णधवल चित्रपट काढला आणि त्यालाही त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सात दशकांच्या अंतराने एकाच कथेचा असा दुहेरी गौरव व्हावा, यातच तिची थोरवी आहे.

परंतु थोर कथा आणि बोलते करणारी कथा या दोन गोष्टी एकच नव्हेत. मूळ पुस्तकाची रचना पाहिली तर ती संभाषणाची आहे. आश्रमात रात्री मित्र जमतात, श्याम आईची आठवण सांगतो, मधूनमधून कोणी बोलतो, कोणी विचारतो. म्हणून तर तेथील प्रकरणांना प्रकरणे न म्हणता ‘रात्री’ म्हटले आहे. सांगणारा आणि ऐकणारे एका वर्तुळात बसले आहेत. घरोघरी मात्र आपण या पुस्तकाचा आणि बोलपटाचा उपयोग वर्तुळ मोडून, व्यासपीठावरून करतो. “पाहिलंस, श्याम आईचं कसं ऐकायचा!” या एका वाक्याने बोलणे सुरू होण्याऐवजी संपते. मुलाला कळते, की हा चित्रपट आपल्याला दाखविलेला नसून आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून सादर केलेला आहे. पुरावा सादर झाल्यावर आरोपी गप्प राहतो, हे ज्यांना विभागीय चौकशीचा थोडाफार अनुभव आहे त्यांना सांगावयास नको.

आणि तरीही मुले या कथेवर प्रश्न विचारतात. फक्त ते आपल्याला हवे ते नसतात. पोहावयास घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई मारते, हा प्रसंग घ्या. आपल्याला त्यात मुलाने भित्रे राहू नये म्हणून कठोर झालेली माता दिसते. आजच्या मुलाला आधी मार दिसतो. “आई, तिने त्याला एवढं मारलं, ते बरोबर होतं का?” असा प्रश्न दहा वर्षांची मुलगी विचारते, तेव्हा पुष्कळ पालक दचकतात आणि “तेव्हाच्या काळी तसंच असायचं” असे म्हणून पुढे सरकतात. वस्तुतः याच प्रश्नाच्या दाराशी खरे बोलणे उभे असते. तू घाबरतेस तेव्हा आम्ही काय करावे असे तुला वाटते? आम्ही लहानपणी मार खाल्ला होता का? तेव्हा काय वाटले? मारणाऱ्यावरही प्रेम करता येते का? गुरुजींची कथा या प्रश्नांना भीत नाही, भितो आपण. मात्र निर्मळपणे पाहिले तर हेही कबूल केले पाहिजे, की या कथेतील आई जवळजवळ प्रत्येक प्रसंगी शेवटचा शब्द बोलते. आंघोळीनंतर पायांना माती लागू नये म्हणून जपणाऱ्या श्यामला ती मनालाही तसेच जपावयास सांगते, तेव्हा त्या सांगण्यात इतके सारे येऊन जाते, की ऐकणाऱ्याने पुढे काय बोलावे? सुभाषित सुंदर असते. पण त्याला उत्तर नसते. मराठी घरांनी या कथेपासून संस्कार पुष्कळ घेतले आणि संभाषण थोडे, याचे एक कारण येथे आहे.

‘श्यामची आई’नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान पुन्हा मराठीकडे यावयास अर्धे शतक लोटले. तो मान २००३ या वर्षासाठी संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला मिळाला, आणि हा चित्रपट तर आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याशी आहे. माधवी घारपुरे यांच्या कथेवरून तो घेतला. कोकणातल्या खेड्यातून आजोबा आपल्या लहान नातवाला, परशुरामला, शहरातील डॉक्टरांकडे आणतात. दृष्टिपटलाचा कर्करोग आहे, असे निदान होते. जीव वाचवावयाचा तर डोळे काढावे लागणार. येथपर्यंतची कथा कोणीही रडवेली करू शकला असता. ‘श्वास’चे वैशिष्ट्य असे, की त्याचा खरा प्रश्न शस्त्रक्रियेचा नसून सांगण्याचा आहे. जे होणार आहे ते मुलाला कोणी सांगावयाचे, कोणत्या शब्दांत, आणि सांगावयाचे तरी का? डॉक्टरांना त्यांचा पेशा बांधतो, आजोबांना त्यांची माया अडवते, आणि ज्याच्या डोळ्यांविषयी हे सारे चालले आहे तो मुलगा मोठ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत राहतो.

अरुण नलावडे यांचे आजोबा आणि अश्विन चितळे याचा परश्या यांच्या मध्ये जे अबोल अंतर आहे, त्यात या चित्रपटाचे सामर्थ्य आहे. आजोबांना शब्द सापडत नाहीत. मग रुग्णालयात कोणाला न सांगता ते नातवाला बाहेर घेऊन जातात आणि जग दाखवितात. कोणी म्हणेल, हा बेजबाबदारपणा झाला. नियमाने तो आहेच. पण मुलाशी बोलण्याचे सारे मार्ग खुंटल्यावर त्याच्याबरोबर एकाच गोष्टीकडे पाहणे, हाही बोलण्याचाच एक प्रकार आहे, हे या प्रसंगाइतके स्पष्ट मराठीत क्वचितच कोणी दाखविले असेल. चित्रपटाला दोष नाहीत असे नव्हे. काही ठिकाणी तो प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी यावे म्हणून थोडा अधिक थांबतो, आणि ही मुद्दाम दिलेली सवड रसिकाला खटकते. परंतु मुख्य गोष्टीत तो प्रामाणिक राहतो. मोठ्यांनी लपविले म्हणून मुलाला कळत नाही असे नाही, त्याला फक्त एकट्याने कळते, हे तो विसरू देत नाही.

आपल्या घरांत हा प्रसंग लहान प्रमाणात रोज घडतो. गावी आजोबा आजारी असतात. मुलाला “त्यांना जरा बरं नाही” एवढेच सांगितले जाते, आणि एका रात्री तिकिटे काढून सारे निघतात, तेव्हा मूल वाटेत कोणाला काही विचारीत नाही. बदली होणार हे आईबापांना महिनोन्‌महिने ठाऊक असते. मुलाला ते घरात खोकी आल्यावर कळते. ‘श्वास’ पाहिल्यानंतर मूल जर विचारील, “मला असं काही झालं, तर तुम्ही मला सांगाल?”, तर त्या वेळी चित्रपटाच्या छायाचित्रणाविषयी वा अभिनयाविषयी बोलून सुटका करून घेता येणार नाही. होय म्हणावे लागेल, आणि होय म्हटले तर पुढे तसे वागावे लागेल. चित्रपटाने सुरू करून दिलेले बोलणे सार्थ होते ते असे, आईबापांवर काही बंधन आल्याने. ज्या बोलण्यात धोका फक्त मुलाला असतो, त्याला उपदेश म्हणतात.

तिसरा चित्रपट परेश मोकाशी यांचा ‘एलिझाबेथ एकादशी’. २०१४ च्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार विभागून मिळाला. पंढरपुरातील ज्ञानेश आणि झेंडू ही भावंडे, दिवंगत वडिलांनी स्वतः बनविलेली, एलिझाबेथ या नावाची त्यांची सायकल, आणि कर्जापायी अडचणीत आलेली आई. सायकल विकली जाऊ नये म्हणून मुले एकादशीच्या यात्रेत बांगड्यांचे दुकान मांडतात. कथा खेळकर आहे, भाषा रसरशीत आहे, आणि मुलांच्या तोंडी आलेल्या पंढरपुरी शिव्या ऐकून काही पालकांनी नाके मुरडली असतील. मला महत्त्वाचे वाटते ते असे, की येथे पैसा हा विषय मुलांपासून लपविलेला नाही. कर्ज, हप्ता, जप्ती, नफा या शब्दांशी मुलांची ओळख प्रत्यक्ष व्यवहारातून होते, आणि त्या व्यवहारात त्यांची बुद्धी कामास येते.

मध्यमवर्गीय सरकारी घरात पगाराविषयी मुलांपुढे बोलावयाचे नाही, असा एक अलिखित दंडक आहे. त्यामुळे “ते आपल्याला परवडत नाही” हे वाक्य मुलाच्या कानी नेहमी नकाराच्या रूपात पडते, हिशेबाच्या रूपात कधीच नाही. हा चित्रपट पाहून उठल्यावर आपल्या घराचा महिन्याचा जमाखर्च बारा वर्षांच्या मुलापुढे मांडावा: गावी पाठवितो ते इतके, घराचा हप्ता इतका, तुझ्या शाळेचे इतके. माझी खात्री आहे, की कंटाळून उठून जाण्याऐवजी मूल त्यात सूचना करू लागेल. मात्र चित्रपटाचा सूर आनंदाचा असल्याने दारिद्र्याचा काच त्यात सौम्य होतो, ही मर्यादा सांगितली पाहिजे. सगळीच मुले हुशारीने संकटातून वाट काढू शकत नाहीत. हे वाक्य चित्रपट बोलत नाही; ते घरात कोणीतरी बोलले पाहिजे.

आता आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा चित्रपट: अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’. २०१४ मध्ये बर्लिनच्या चित्रपट-महोत्सवात बालचित्रपटांच्या विभागात त्याला स्फटिक-अस्वल हे पारितोषिक मिळाले आणि ते देणारे परीक्षक-मंडळ मुलांचेच होते. त्याच वर्षासाठी सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याने मिळविला. चित्रपटगृहांत तो २०१५ मध्ये आला. सरकारी नोकरीतील आई, वडिलांवाचून वाढणारा अकरा वर्षांचा चिन्मय, आणि पुण्याहून कोकणातल्या एका लहान गावी झालेली बदली, एवढेच कथानक. ना खलनायक, ना मोठे संकट. नवी शाळा, नवे सोबती, समुद्र, पाऊस आणि एक जुना किल्ला. मुळे रुजू लागतात न लागतात तोच पुन्हा बदलीचा हुकूम. हे कथानक ज्याच्या घरात घडलेले नाही, असा या मासिकाचा वाचक विरळाच.

या चित्रपटात माणसे फार थोडे बोलतात. गेलेल्या वडिलांविषयी आई आणि मुलगा यांच्यात जे बोलणे व्हावयास हवे ते बहुतेक होत नाही. अमृता सुभाष यांनी ही आई अशी उभी केली आहे, की तिचा थकवा आपल्याला दिसतो आणि मुलाला दिसत नाही. तिच्या कचेरीतील ताण, नव्या जागी बाईमाणसाकडे पाहण्याची लोकांची नजर, एकटीने घर लावणे, हे सारे ती मुलापासून दूर ठेवते. मुलगाही आपला एकटेपणा तिच्यापासून दूर ठेवतो. दोघेही एकमेकांना जपण्यासाठी गप्प आहेत, आणि त्या जपण्यानेच दोघे एकाकी झाले आहेत. किल्ल्यावर मित्रांबरोबर गेलेला चिन्मय पावसात मागे एकटा राहतो, तो प्रसंग पाहावा. आपल्याला टाकून सगळे निघून गेले, हे त्याचे दुःख केवळ मित्रांविषयीचे नाही. त्यात गेलेला बाप आहे, सुटलेले पुणे आहे, कामात बुडालेली आई आहे. दिग्दर्शक यातले एक अक्षर पात्राच्या तोंडी घालीत नाही. पाऊस, दगडी भिंती आणि मुलाचा चेहरा, एवढ्यावर तो थांबतो.

ही रिकामी ठेवलेली जागाच मुलांना बोलण्याचे आमंत्रण देते. “तो इतका का रडला?” असे मूल विचारते, आणि उत्तर देण्याआधी बाप थांबला तर बहुधा मूल स्वतःच उत्तर देते, त्या उत्तरात चिन्मय कमी आणि मूल स्वतः अधिक असते. मागच्या गावी सुटलेला मित्र, नव्या वर्गात उच्चारावरून झालेली थट्टा, डबा एकट्याने खाल्लेले पहिले पंधरा दिवस, या गोष्टी “नवी शाळा कशी आहे?” या प्रश्नाला कधीच बाहेर येत नाहीत. त्या प्रश्नाचे ठरलेले उत्तर “ठीक आहे” हे असते. त्या बाहेर येतात चिन्मयच्या आडून. दुसऱ्याच्या दुःखाविषयी बोलताना आपले दुःख बोलण्याची मुभा मिळते, हा कथेचा फार जुना गुण आहे, आणि मुलांना तिची गरज मोठ्यांहून अधिक असते, कारण आपल्या दुःखाचे नाव त्यांना अजून ठाऊक नसते.

‘किल्ला’ निर्दोष आहे, असा दावा मी करणार नाही. कॅमेरा हाताळणाऱ्या कलावंताचाच तो चित्रपट असल्याने निसर्गाच्या देखणेपणात तो कधी कधी रमतो, आणि कचेरीतल्या प्रसंगांना मुलांच्या प्रसंगांइतके अंग आलेले नाही. ज्यांनी कचेरी आतून पाहिली आहे त्यांना हे विशेष जाणवेल. पण पार्थ भालेराव याने रंगविलेला बंड्या त्या साऱ्याची भरपाई करतो. शिवाय बंड्याच्या बोलण्यातला कोकणी हेल ऐकून परप्रांतात वाढलेली मुले हमखास हसतात आणि विचारतात, “ही मराठी अशी कशी?” मराठी एकच नाही, ती गावोगावी निराळी आहे, तुझे आजोबा निराळी बोलत, आणि तू दिल्लीत बोलतोस तीही एक मराठीच आहे, हे मुलाला सांगण्याची यापेक्षा चांगली संधी मला तरी ठाऊक नाही.

येथेच भाषेचा एक प्रश्न उभा राहतो. आपल्याकडील पुष्कळ मुले मराठी चित्रपट समजून घेतात, पण त्याविषयी बोलू लागली की हिंदीत बोलतात. “पापा, वो अकेला क्यों रह गया?” असे मुलाने विचारले आणि आपण “मराठीत बोल” म्हटले, की प्रश्न जागीच मरतो. मराठी टिकली पाहिजे, याविषयी माझे दुमत नाही. परंतु मनातली गोष्ट ओठांवर आलेली असताना तिचे व्याकरण तपासू नये. आपण मराठीत उत्तर द्यावे. मूल आज हिंदीत विचारील, उद्या अर्धे मराठीत विचारील. ज्या भाषेत आपले ऐकून घेतले गेले, त्या भाषेकडे मूल परत येते. ज्या भाषेत ते सतत दुरुस्त केले गेले, तिच्यापासून ते पळते.

या विवेचनावर काही आक्षेप येतील. पहिला असा, की प्रत्येक चित्रपटानंतर चर्चा केली तर पाहण्याचा आनंद उरणार नाही. आक्षेप खरा आहे. हल्ली काही शाळा चित्रपट दाखवून त्यावर प्रश्नपत्रिका देतात. कथेतील मुख्य पात्राचे तीन गुण लिहा, बोध लिहा. असल्या प्रश्नांनी चांगल्यातला चांगला चित्रपट पाठ्यपुस्तकाचा धडा होतो. मी म्हणतो ती चर्चा नव्हे. चित्रपट संपल्यावर काही वेळ कोणी काही बोलले नाही तरी चालेल. बोलणे आठ दिवसांनी, मटार सोलताना किंवा शाळेच्या वाटेवर निघेल. निघालेच नाही, तरी दोघांनी एक गोष्ट बरोबर पाहिली आहे, एवढी ठेव शिल्लक राहते. आईबापांनी विचारावयाचाच असेल तर एकच प्रश्न पुरे: “तुला कुठला भाग आठवतो?” याचे उत्तर चूक असू शकत नाही, म्हणून मूल ते देते.

दुसरा आक्षेप असा, की सर्वच विषय सर्व वयांना झेपत नाहीत. हेही मान्य. ‘श्वास’ सहा वर्षांच्या मुलाला दाखविण्यासारखा नव्हे; त्याला त्यातले फक्त भय कळेल. म्हणून आधी आपण पाहावे, मग मुलाबरोबर पाहावे. यात वेळ जातो, आणि कचेरीतून थकून आलेल्या माणसाजवळ वेळ नसतो, हा तिसरा आक्षेप. त्याला माझे उत्तर एवढेच, की मुलाला फोन देऊन आपण मिळविलेला वेळ बहुतेक वेळा आपण दुसऱ्या फोनवर घालवितो. महिन्यातून एक चित्रपट आणि त्यानंतरचा एक तास, ही मागणी अवाजवी नाही.

चौथा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशा दर्जाचे चित्रपट आहेत किती? केंद्र सरकारने १९५५ मध्ये मुलांच्या चित्रपटांसाठी बालचित्र समिती स्थापन केली होती. २०२२ मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. स्वतंत्र संस्था असतानाही तिचे चित्रपट आपल्या घरांपर्यंत क्वचितच पोहोचले. मराठीत गेल्या काही वर्षांत मुलांविषयीचे चित्रपट चांगले निघाले; पण ते बहुतांशी मोठ्यांनी लहानपण आठवून काढलेले आहेत, आणि त्यांतील मुले बहुधा कोकणातली वा देशावरची आहेत. रामकृष्णपुरमच्या सरकारी वसाहतीत वाढणारी, शाळेत हिंदी, घरी मराठी आणि स्वप्नात कोणती भाषा बोलावी या संभ्रमात असलेली मुलगी अजून मराठी पडद्यावर यावयाची आहे. ‘किल्ला’तला चिन्मय तिच्या सर्वांत जवळचा, आणि तोही महाराष्ट्रातून महाराष्ट्रातच बदलून गेलेला. ही उणीव भरून निघेपर्यंत जे आहे त्याचा नीट उपयोग करणे, एवढेच आपल्या हाती आहे.

शेवटी समीक्षेविषयी एक शब्द. मुलांच्या कलाकृतीला तिच्या बोधावरून गुण देण्याची आपली पद्धत सोपी आहे, कारण बोध शोधण्यासाठी मूल जवळ असावे लागत नाही. समीक्षक तो एकटा बसून शोधू शकतो. कलाकृती घराला बोलते करते की नाही, हे पाहावयाचे तर मुलाशेजारी बसावे लागते, त्याचे ऐकावे लागते, आणि आपल्या आवडीचा चित्रपट त्याला रुक्ष वाटला तर तेही सोसावे लागते. ‘श्यामची आई’ या कसोटीला उतरते, पण आपण तिचा पुरावा करणे सोडले तरच. ‘श्वास’ आपल्याकडून वचन मागतो. ‘एलिझाबेथ एकादशी’ आपली वही उघडावयास लावते. आणि ‘किल्ला’ बदलीच्या हुकुमाची ती बाजू दाखवितो, जिच्यावर कोणत्याही कचेरीत टिपणी लिहिली जात नाही. पुढच्या बदलीचा हुकूम हाती पडेल, तेव्हा घरात सामानाची यादी करण्याआधी हा चित्रपट सर्वांनी मिळून पाहावा. मागे काय सोडून जावयाचे आहे, हे मुलाकडून प्रथमच ऐकावयास मिळेल, आणि ते आपल्या यादीत बहुधा नसेल.